हवा जाते, दार लावा

मी कापड गिरणीत हवेला होतो. कुणी कातणखात्यात असतो, कुणी रंगखात्यात, तसा मी ह्युमिडिटी खात्यात. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून गिरणीत हवा मुद्दाम ओली ठेवतात. मोठमोठे पंखे, पाण्याचे फवारे, पत्र्याचे बोगदे, आणि या सगळ्यावर नजर ठेवायला मी. गिरणीतले लोक मला पाऊसवाले म्हणत. मला ते आवडत असे, कारण तोवर कुणी मला कुठल्याच टोपणनावाने हाक मारली नव्हती.

तर वीस वर्षं मी हवेत पाणी घातलं आणि घर घेतलं ते भाईंदर पूर्वेला, खारी गावाच्या मागे, चौथ्या आणि शेवटच्या मजल्यावर. खिडकीतून मिठागरं दिसत. तिथल्या हवेत पाणी घालायची कुणाला काही गरज नव्हती. नळात घालायची होती. नळाला एक दिवसाआड तासभर पाणी, बाकी टँकर. हवा इतकी ओली की काडेपेटीतल्या चार काड्या वाया गेल्यावर पाचवी पेटायची आणि डब्यातल्या मिठाचं पाणी व्हायचं, पण तोंड धुवायला मात्र तांब्या मोजून घ्यायचा.

त्यात घराच्या दोन खोल्यांचं आपसात पटत नसे. पुढची खोली पश्चिमेची. वर स्लॅब, समोर ऊन, त्यामुळे संध्याकाळी भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. मागची खोली आणि स्वयंपाकघर उत्तरेला, तिथे ऊन कधी आलंच नाही. कपाटातल्या चपलांवर हिरवी बुरशी धरायची. मधल्या दारातून जाताना माणूस भाजून निघायचा आणि लगेच भिजायचा. बायको कोकणातली, तिला याचं काही वाटत नसे. ती शाळेतून यायची, पदराने मान पुसायची आणि कामाला लागायची. मी मराठवाड्यातला. आमच्याकडे ऊन कसं सरळ अंगावर येतं, त्यात लपवाछपवी नसते. इथलं हे घामट प्रकरण मला बारा वर्षांत समजलं नव्हतं.

तरी मी ते सहन केलं असतं. पण आई गेली आणि मी बाबांना गावाहून घेऊन आलो.

बाबा सत्तरीच्या पुढे, काटक, कमी बोलणारे. गावात त्यांचं दोन खणांचं घर होतं, एकटेच राहिले असते. मी आग्रह धरला. ते म्हणाले, "एक उन्हाळा काढून बघतो. जमलं तर राहीन, न्हाई तर मला माघारी नेऊन सोड." हे मी अट म्हणून घेतलं नाही, आव्हान म्हणून घेतलं. मराठवाड्याचा माणूस भाईंदरच्या उन्हाळ्यात टिकेल की नाही, हा सरळसरळ हवेचा प्रश्न होता. आणि हवेच्या प्रश्नावर अख्ख्या इमारतीत माझ्याइतका अधिकारी माणूस दुसरा नव्हता, असं माझं प्रामाणिक मत होतं.

पहिल्याच रविवारी मी खात्यातून परवानगी काढून ओला-सुका थर्मामीटर घरी आणला. एका लाकडी चौकटीत दोन थर्मामीटर, एकाच्या टोकाला ओली चिंधी, आणि चौकटीला मूठ. ती मूठ धरून तो खुळखुळ्यासारखा गरगर फिरवायचा, मग दोन्ही आकडे बघायचे, की हवेत ओलावा किती ते कळतं. मी बनियनवर, गंभीर चेहऱ्याने, प्रत्येक खोलीच्या मधोमध उभा राहून तो फिरवला. मग चारही कोपऱ्यांत. मग जिन्यात. समोरच्या गुजराती भाभी दारात उभ्या होत्या. त्यांनी हात जोडले आणि हळूच विचारलं, "भाईसाब, घर में किसी की नज़र लगी है क्या?"

मी बौद्ध माणूस. नजर, उतारा, लिंबू-मिरची हे सगळं आमच्या घरातून माझ्या जन्माआधीच हद्दपार झालेलं. मी त्यांना अर्धा तास हिंदीत शास्त्र समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि जाताना म्हणाल्या, "फिर भी, हमारे यहाँ भी एक बार घुमा दीजिए ना." मी तिथेही फिरवला. नाही कशाला म्हणा.

बाबांनी खुर्चीत बसून हे सगळं पाहिलं. "काय निघालं?" त्यांनी विचारलं. मी आकडे सांगितले. ते म्हणाले, "म्हंजी उकडतंय."

मग मी कूलर आणला. हे लिहिताना आजही हात अडखळतो. कोरड्या हवेत पाणी मारलं तर गारवा येतो, ओल्या हवेत मारलं तर नुसता ओलावा येतो, हे खात्यात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला मी पहिल्याच दिवशी शिकवत असे. तरीही मी औरंगाबादेहून पत्र्याचा, पाठीला गवताच्या जाळ्या असलेला मोठा कूलर एसटीच्या टपावर बांधून भाईंदरला आणला. कारण लहानपणी गावच्या डॉक्टरच्या दवाखान्यात तसाच एक होता, आणि माझ्या लेखी गारवा म्हणजे तो दवाखाना. अक्कल कितीही असली तरी ती आठवणीपुढे चालत नाही, निदान माझी तरी चालली नाही.

कूलरला रोज दोन बादल्या पाणी लागायचं. टँकरचं. ते आम्ही चार जिने चढवून आणायचं आणि मी ते पंख्याने खोलीत उडवायचं. तिसऱ्या दिवशी बाबांची गादी ओलसर लागायला लागली. पाचव्या दिवशी कॅलेंडरचे कागद गुंडाळले गेले. बायकोने पापडाचा डबा माझ्यासमोर उघडला, एक पापड उचलला आणि रुमालासारखी त्याची घडी घातली.  रविवारी मी मोजमाप केलं तर बाबांच्या खोलीतली हवा आमच्या विणकामाच्या शेडइतकी ओली भरली. त्या खोलीत उत्तम धोतरं विणता आली असती.

कूलर गच्चीवर गेला. तिथे त्यात कबुतरांनी संसार थाटला, आणि त्यांचं चांगलं चाललं.

दुसरा माणूस इथे थांबला असता. मी मात्र म्हणालो, चूक दिशेत होती, प्रयत्नांत नव्हती. आता पाणी घालायचं नाही, काढायचं. गिरणीजवळचं एक ऑफिस बंद पडलं होतं, तिथला जुना खिडकीचा एसी मी उचलला. होळीच्या आठवड्यात तो बाबांच्या, म्हणजे पुढच्या खोलीत बसला. सुरू झाला की सगळ्या मजल्याला कळायचं. पण थंड करायचा, आणि मुख्य म्हणजे मागच्या नळीतून हवेतलं पाणी थेंबथेंब बाहेर टाकायचा. त्याखाली मी बादली ठेवली आणि संध्याकाळी ती भरलेली बादली घरभर फिरून दाखवली. "हे बघा. हे सगळं आपण नाकात घेत होतो." बायकोने बादली हातातून घेतली आणि त्या पाण्याने फरशी पुसली. पाण्याच्या त्या टंचाईत तिने मला एवढा मान कधी दिला नव्हता.

आता उरलं मागचं घर. बाबांची खोली गार, आणि स्वयंपाकघर पहिल्यापेक्षा जास्त दमट. मी मधल्या भिंतीला भोक पाडून छोटा पंखा बसवला, की गारवा स्वयंपाकघरात जाईल. गारवा गेला की नाही ते कळलं नाही. पंखा मी उलटा बसवला होता, त्यामुळे सुक्या बोंबलांचा सगळा धूर बाबांच्या खोलीत आला. बाबा खोकत बाहेर आले आणि म्हणाले, "लेका, जेवायला बोलवायची ही कोणती रीत?"

त्या दिवशी ते हसले होते, हे मला नीट आठवतं. कारण पुढे हसायचे कमी झाले आणि मी ते मोजलं नाही.

एसी लावला की दार बंद ठेवावं लागतं, हे कुणीही सांगेल. मी मात्र ते गिरणीतून शिकलो होतो, त्यामुळे माझं दार बंद करणंसुद्धा खातं चालवल्यासारखं होतं. जिन्याकडच्या दाराच्या फटींना स्पंजच्या पट्ट्या. खालच्या फटीला रबर. दाराला स्प्रिंग, म्हणजे उघडलं की आपोआप लागेल. आणि गिरणीतल्या पेंटरकडून एक पत्र्याची पाटी करून आणली आणि आतल्या बाजूने स्क्रूने बसवली: हवा जाते, दार लावा.

"हे कुणासाठी?" बायकोने विचारलं.

"सगळ्यांसाठी."

"अहो, आपण तिघं आहोत. आणि तुमच्या गिरणीत सूत राहतं. इथे माणसं राहतात."

मी म्हणालो, तुला शास्त्र कळत नाही. ती सातवीला शास्त्रच शिकवायची.

आता बाबांचा दिवस कसा जायचा ते सांगायला हवं, कारण मी त्याचा विचार केला नव्हता. आल्यापासून ते सकाळी घराचं दार सताड उघडायचे आणि उंबऱ्याच्या आत खुर्ची टाकून बसायचे. शेजारी स्टुलावर माठ, त्यावर पालथा पेला. माठ त्यांनी स्वतः खाली जाऊन, बोटाने वाजवून आणलेला. चार जिने चढून आलेला माणूस आमच्या मजल्यावर धापा टाकत यायचा आणि बाबा विचारायचे, "पानी पिता का?" पोस्टमन प्यायचा. गॅसवाला प्यायचा. खारीतली मासेवाली मावशी टोपली उतरवून, भिंतीला टेकून दोन पेले प्यायची आणि मग बाबांशी बोलत बसायची. ती तिच्या बोलीत, हे यांच्या बोलीत. एकमेकांचं निम्मं तरी कळत होतं का, कुणास ठाऊक. पण पाऊण पाऊण तास चालायचं. घरात नळाला पाणी नाही आणि हे येणाऱ्या-जाणाऱ्याला पाजत बसतात, म्हणून मी एकदोनदा कुरकुरलोही होतो. बाबा म्हणाले होते, "माझ्या वाट्याचं देतोय."

दार बंद झाल्यावर खुर्ची आत आली आणि माठही आत आला. आणि पुढच्या रविवारी मी थर्मामीटर फिरवला तेव्हा खोलीत ओलावा सगळ्यात जास्त कुठे निघाला? माठापाशी. निघणारच. माठ पाझरतो, पाझरतो म्हणूनच पाणी गार होतं. मला मात्र चोर पकडल्याचा आनंद झाला. कूलरने भिंती भिजवल्या ते मी विसरलो आणि स्टुलावरचा तो बिचारा माठ आरोपी ठरवला. बाबांना आकडे दाखवले. "बाबा, एकीकडे एसी पाणी काढतोय आणि एकीकडे हा घालतोय." माठ मी गच्चीवर नेऊन ठेवला, कबुतरांच्या शेजारी. फ्रिजमध्ये पाण्याच्या चार बाटल्या भरल्या.

बाबा आकड्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तू शिकलेला हायेस."

मला ती शाबासकी वाटली. खरंच वाटली. यावर हसू यावं असा मी माणूस आहे, पण या एका ठिकाणी मला माझं हसू येत नाही.

एप्रिलात जयंती आली. पेणकरपाड्याच्या बाजूला आमच्या लोकांची सभा असायची, तिथे दरवर्षी माझं भाषण. त्या वर्षी मी पाण्यावर बोललो. माझे वडील लहान असताना पाटलाच्या वाड्याच्या दारात कसे उभे राहायचे, आतून कुणी येईल आणि वरून ओंजळीत पाणी ओतेल म्हणून कशी तासतास वाट बघायचे, कुणी आलंच नाही तर तसेच कसे परतायचे, हे मी सांगितलं. आवाज कातर करून सांगितलं. बायकांनी डोळे पुसले. बाबा पहिल्या रांगेत बसले होते. सभा झाल्यावर लोक त्यांच्या पाया पडले आणि आम्ही रिक्षाने घरी आलो. जिना चढून धापा टाकत आत शिरल्यावर मी मागे वळून म्हणालो, "बाबा, दार. हवा जाते."

मे महिना निम्मा झाला. खोलीत पंचवीसच्या आत-बाहेर तापमान, ओलावा अगदी पुस्तकात असावा तसा. मी खूश होतो. उन्हाळा संपत आला होता आणि बाबा भाजले नव्हते, भिजले नव्हते. मी मनात त्यांचं रेशनकार्डावर नाव चढवायच्या तयारीला लागलो होतो. अशाच एका दुपारी पहिली पाळी करून घरी आलो तर बाबा एसी बंद करून बसले होते. खोली तापली होती. कोपऱ्यात त्यांची पिशवी भरून ठेवलेली.

"काय झालं? बिघडला का?"

"न्हाई. मला गावी नेऊन सोड."

मी लगेच थर्मामीटरकडे गेलो. खोटं कशाला सांगू, तिथेच गेलो. म्हणालो, "बाबा, काय कमी पडलं सांगा. गार जास्त होतं का? रात्री अंग दुखतं का? मी बदलतो."

"हवा लई चांगली हाय. तुझ्यावानी हवा कुणाला जमायची न्हाई."  बाबा बोलायच्या आधी हाताची बोटं एकमेकांत गुंतवायचे, तशी गुंतवली. "काल ती मासेवाली आलती. घंटी वाजवली. मी उठून दारापशी गेलो, त्या भिंगातून बघितलं. टोपली डोक्यावरच व्हती तिच्या. म्हनली, म्हातारबा, घोटभर पानी द्या. मी कडीला हात घातला. अन् तुझी पाटी दिसली."

मी वळून पाटीकडे पाहिलं.

"म्हटलं, हवा जाईल. तू रागावशील. बाटली आनावी, दार उघडावं, बंद करावं, इचार करत उभा ऱ्हायलो. ती अजून एकदा म्हनली, पानी. मंग गेली. मी भिंगातून बघत व्हतो, ती जिन्यावरून पार खाली जाईस्तोवर." ते माझ्याकडे बघत नव्हते. "दाराच्या भायेर मी लई उभा ऱ्हायलोय. आतनं कसं दिसतं ते म्हाईत नव्हतं. काल बघितलं."

इतक्या वर्षांच्या भाषणांत मला हे वाक्य सुचलं नव्हतं. मी पाटी काढली. स्क्रू निघेना, तेव्हा सुरीने उचकटली. स्प्रिंग काढली, पट्ट्या ओढून काढल्या. बाबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे, ते नंतर कर. ती उद्या कितीला येती?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चार जिने उतरून फाटकापाशी जाऊन उभे राहिले. मी पाळी बदलून दुसरी घेतली होती, म्हणून बरोबर गेलो. मावशी टोपली घेऊन आली आणि त्यांना पाहून तिला नवल वाटलं.

"आज खाली कसं, म्हातारबा? परवा मी घंटी मारली. झोपलं आसाल."

तिने सुटकेची वाट स्वतःच काढून दिली होती. बाबांनी मान हलवली असती तरी काम झालं असतं.

"न्हाई बाई. जागा व्हतो. दाराच्या आत उभा व्हतो. तुमी पानी मागितलेलं ऐकलं. मीच उघडलं न्हाई."

ती गोंधळली. "आसूं दे. खाली वाण्यानं दिलं ना."

"त्यानं दिलं. मी न्हाई दिलं."

तिने माझ्याकडे पाहिलं. का ते मला कळलं. म्हातारा असं करणार नाही, हे तिला माहीत होतं. बाबांनी माझं नाव घेतलं नव्हतं आणि घेणार नव्हते. बोलायचं ते मीच बोलायचं होतं, एक वाक्य, की मावशी, नियम माझा होता. सभेत माईकसमोर अर्धा अर्धा तास बोलणारा मी. माझ्या तोंडातून निघालं, "मावशी, पापलेट कसं दिलं?"

बाबा माझ्याकडे वळले नाहीत. ते तिची टोपली उतरवायला हात लावत होते.

मी त्यांना चार दिवस राहा राहा म्हटलं. दार आता उघडंच असायचं, एसी बंद होता, घर पुन्हा भाजत होतं आणि भिजत होतं. बायकोने सांगून बघितलं, समोरच्या भाभींनीही सांगितलं. पाचव्या दिवशी मी त्यांना घेऊन एसटीत बसलो. गाडी ठाण्याच्या पुढे गेल्यावर मी विचारलं, "बाबा, माझ्यावर रागावून चाललात ना?"

"रागवायला काय झालं?" ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले. "उन्हाळा हाय. तिकडं माझ्या दारात कुनी पानी मागाया येत आसंल, अन् घराला कुलूप हाय."